कोयत्याची बातमी आणि मंडळाची फाइल

समाजशास्त्राच्या नाहीतर समाजकार्याच्या वर्गात लघुप्रबंधाचे विषय ठरू लागले की पुण्यात एक शीर्षक हमखास येतं: ‘पुणे शहरातील वाढती बालगुन्हेगारी : कारणे व उपाय’. म्हणजे वाढ झालीय हे आधीच ठरलं, कारणं ग्रंथालयातून येणार आणि उपाय शेवटच्या रात्री लिहिले जाणार. मुलं मात्र यात कुठेच नाहीत. या विषयावर खरोखर काम करू पाहणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. त्यातली मुख्य गोष्ट एकच. आपल्या हाती लागणारे आकडे आणि कागद मुलांनी काय केलं हे जितकं सांगतात, तितकंच पोलिस ठाण्याने, अल्पवयीनांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाने आणि शाळेने त्या मुलांचं काय केलं हेही सांगतात. दोन्ही वेगळं काढता आलं तरच अभ्यास झाला म्हणायचं.

आधी आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षीच्या अहवालात अल्पवयीनांचं वेगळं प्रकरण देतो. देशभरात अल्पवयीन आरोपी असलेले २०२१ मध्ये ३१,१७० आणि २०२२ मध्ये ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले, म्हणजे किंचित घट. पुण्यात त्याच सुमारास कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांच्या, म्हणजे ‘कोयता गँग’च्या बातम्यांचा पूर आला होता. यात विसंगती असेलच असं नाही, कारण देशाचा आकडा घटताना एका शहरात, एका प्रकारचा गुन्हा वाढू शकतो. पण मग शीर्षकात त्या शहराचा आणि त्या प्रकाराचाच आकडा हवा, देशाचा नको.

शहराचा आकडा मिळतो. २०११ च्या जनगणनेनुसार वीस लाखांवर लोकसंख्या असलेल्या १९ महानगरांची माहिती स्वतंत्रपणे छापली जाते आणि त्यात पुणे आहे. अडचण पुढे येते. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलिस आयुक्तालय सुरू झालं आणि पुणे शहर व पुणे ग्रामीणची काही पोलिस ठाणी तिकडे गेली. २०१५ ते २०२२ अशी सरळ रेषा काढली की २०१८ ला तिचा पाया बदलतो आणि २०२० ला टाळेबंदी येते. त्यातून ‘गुन्हेगारी घटली’ किंवा ‘उसळली’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे निम्मी दुकानं दुसऱ्याच्या नावावर करून धंदा बसला म्हणण्यासारखं आहे. उपाय कष्टाचा आहे, पण साधा: बेरीज पोलिस ठाणेनिहाय मागवायची आणि दोन्ही काळांत शहराकडेच राहिलेली ठाणी तेवढी तुलनेला घ्यायची. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचं मुख्यालय पुण्यातच आहे आणि राज्याची गुन्हेविषयक आकडेवारी तिथूनच निघते. मुंबईला खेपा घालायची गरज नाही.

आकड्यांतला आणखी एक खड्डा मोजणीच्या पद्धतीत आहे. एकाच घटनेत चार कलमं लागली तर एनसीआरबी त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजतो. रात्री तिघांनी गल्लीतल्या दहा गाड्यांच्या काचा फोडल्या, अडवायला आलेल्याच्या डोक्यात वार केला आणि जाताना कोयते हवेत फिरवले, तर ही सगळी घटना ‘खुनाचा प्रयत्न’ या एका रकान्यात जाते. वाहनांची तोडफोड हा गुन्हा पुण्यात इतका ओळखीचा आहे की त्याला बातम्यांमध्ये ठरलेली जागा आहे, पण सरकारी तक्त्यांत तो विरघळतो. तोडफोडीचा अभ्यास करायचा तर तक्ते बाजूला ठेवून फिर्यादींचा मजकूर वाचावा लागतो.

त्यात १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं ३०२ आता १०३ झालंय, खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ आता १०९, चोरीचं ३७९ आता ३०३. हे बदल जुळवून घेता येतात. पण हिसकावून चोरी हा ३०४ कलमाखाली स्वतंत्र गुन्हा झाला आहे. मंगळसूत्र किंवा मोबाइल हिसकावण्याच्या घटना आधी चोरीत नाहीतर जबरी चोरीत मोजल्या जात. त्यामुळे २०२४ च्या मध्यावर चोरीचा आलेख खाली आलेला दिसला तर लगेच आनंदून जाऊ नये.

आता कायद्याची वर्गवारी, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. २०१५ चा बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात गुन्ह्यांचे तीन स्तर आहेत. किरकोळ, म्हणजे कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गंभीर, म्हणजे तीन ते सात वर्षं. आणि निर्घृण, म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त. कमाल शिक्षा सात वर्षांहून जास्त आहे पण किमान शिक्षा ठरवलेलीच नाही, अशा गुन्ह्यांचं काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात सोडवला: ते निर्घृण नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीने हे कायद्यातच लिहिलं गेलं.

पुण्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. कोयत्याने वार केल्याच्या ज्या घटनेत जीव गेला नाही, तिथे बहुधा खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागतं. त्याला किमान सात वर्षांची अट नाही. म्हणजे फक्त तेवढ्या कलमावर, सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढ समजून खटला चालवण्याची पहिली पायरीच येत नाही, कारण ती प्राथमिक चाचणी फक्त निर्घृण गुन्ह्यांसाठी आहे. कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने दोघांचा बळी घेतला, त्या अपघातानंतर सारं शहर याच मुद्द्यावर बोलत होतं. मंडळाने जामिनासाठी घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट सर्वांना पाठ झाली, पण सदोष मनुष्यवधाच्या कलमाला किमान शिक्षा आहे की नाही हे फार थोड्यांनी पाहिलं. पोलिसांचा प्रौढ म्हणून खटला चालवण्याचा अर्ज मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळला तेव्हा पुन्हा तोच संताप. निर्णय कुणाला आवडो न आवडो, अभ्यासकाने आधी कलमाची किमान शिक्षा पाहायची आणि मगच मंडळ ‘सौम्य’ आहे की ‘कडक’ हे मोजायला घ्यायचं. नाहीतर ज्या प्रकरणात मंडळाला पर्यायच नव्हता तेही ‘सौम्यपणा’त धरलं जातं.

फाइल कशी चालते ते नीट माहीत असेल तर कुठे काय शोधायचं ते कळतं. मूल ताब्यात घेतल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळापुढे हजर करायचं असतं. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार निर्घृण गुन्हा असेल किंवा प्रौढांबरोबर मिळून केलेला असेल तरच प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, नोंदवायची. एरवी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा. म्हणून फक्त एफआयआर मोजणारा अभ्यास दैनंदिनीत राहिलेली मुलं गमावतो, आणि दोन ठाण्यांत ही पद्धत वेगवेगळी पाळली जात असेल तर त्यांची तुलनाच कोसळते. ठाणं निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: इथे किरकोळ प्रकरणात अल्पवयीनांची नोंद कुठे होते?

पुण्यात मंडळ आणि चौकशी चालू असताना मुलांना ठेवायचं निरीक्षणगृह येरवड्याला आहे. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली एक तरी स्त्री. पहिल्या हजेरीपासून १५ दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून. किरकोळ प्रकरण तेवढ्यातही संपलं नाही तर चौकशी बंद होते. म्हणून ‘निकाली’ या एका रकान्यात समज देऊन सोडलेलं, दोषमुक्त झालेलं आणि मुदत संपल्यामुळे बंद पडलेलं, अशी तीन वेगळी भवितव्यं एकत्र पडलेली असू शकतात. ती वेगळी मागवली नाहीत तर पुढचं सगळं विश्लेषण वाया.

सामाजिक तपासणी अहवाल ही या क्षेत्रातली सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत फसवी चीज. घर, उत्पन्न, शाळा, सवयी, मित्र, शेजारपाजार, गुन्ह्याचं कारण, शिफारस, सगळं त्यात असतं. नवखा अभ्यासक ‘कारण’ हा रकाना उचलतो, ‘वाईट संगत’ आणि ‘पालकांचे दुर्लक्ष’ यांची टक्केवारी काढतो आणि प्रबंध पुरा करतो. ही टक्केवारी अहवाल लिहिणाऱ्याच्या शब्दसंग्रहाची आहे. आई पहाटे चार घरची धुणीभांडी करायला जाते आणि वडील मंडईत हमाली करतात, हे ‘दुर्लक्ष’ होतं. बाप परदेश दौऱ्यावर असतो तेव्हा तसं लिहिलं जातं का, हे तपासायला हवं. म्हणून अहवाल वाचताना मुलापेक्षा अहवालाचे गुण आधी टिपावेत: घरभेट झाली की फोनवर माहिती घेतली, कोणाशी बोलणं झालं, शाळेला विचारलं का, मुलाचं स्वतःचं एखादं वाक्य आहे का, शिफारस आणि मंडळाचा आदेश जुळतात का. चाळीस-पन्नास अहवालांत एवढं भरलं तरी जे दिसतं ते ‘कारणां’च्या टक्केवारीपेक्षा कितीतरी खरं असतं.

वयाचं प्रकरण वेगळं. आपल्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख १ जून लावून टाकायची रीत कित्येक घरांत होती, आणि शाळेचा दाखला हाच वयाचा पहिला पुरावा मानला जातो. तो नसेल तर पालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी, जिचा अंदाज वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतो. सतरा वर्षं अकरा महिन्यांचा आणि अठरा वर्षं एक महिन्याचा, एकाच टोळक्यातल्या अशा दोन मुलांची तुलना समाजशास्त्राला फार मोलाची आहे. एकाचा मार्ग मंडळाकडे जातो, तर दुसऱ्याचा येरवडा कारागृहाकडे, आणि पुढे तडीपारी, एमपीडीए (गुंडांना स्थानबद्ध करण्याचा कायदा) किंवा मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लागण्याच्या शक्यतेकडे. पण तुमच्या यादीत १ जूनला जन्मलेल्यांचा ढीग दिसला तर ही रेषा तितकी नेमकी नाही हे ओळखावं आणि त्या मुलांना बाजूला ठेवून एकदा, धरून एकदा, असं दोनदा विश्लेषण करावं.

सिद्धान्ताबद्दल थोडंसं. परदेशातले दोन अभ्यास इथे खरंच उपयोगी पडतात. फिलाडेल्फियात वाढलेल्या, १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलग्यांचा माग काढला तेव्हा त्यांतल्या ६२७ जणांच्या, म्हणजे सहा टक्क्यांच्या, नावावर निम्म्याहून जास्त गुन्हे निघाले. पोलिसांना हा अभ्यास आवडतो, कारण त्यातून ‘मोजके हेरा आणि उचला’ असा अर्थ काढता येतो. एडिनबर्गमध्ये १९९८ साली माध्यमिक शाळेत गेलेल्या सुमारे ४,३०० मुलांचा अभ्यास मात्र दुसरी बाजू दाखवतो. सारखंच वागणाऱ्या मुलांपैकी जी व्यवस्थेच्या आत खोलवर ओढली गेली, त्यांचं त्यातून बाहेर पडणं लांबलं. आणि पोलिसांच्या नजरेत एकदा आलेली मुलं पुनःपुन्हा येत राहिली. म्हणजे त्या सहा टक्क्यांपैकी किती मुळात तसे होते आणि किती वारंवार उचलल्यामुळे तिथे पोहोचले? महाराष्ट्रात या प्रश्नाला जुना इतिहास आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, तरी पारधी वस्तीतल्या पोराला चोरीनंतर आधी कोण विचारतं हे इथे कुणाला सांगायला नको.

यावरून अभ्यासाची रचना ठरते. फक्त निरीक्षणगृहातल्या मुलांना भेटून ‘कारणं’ सापडत नाहीत. तुटलेलं घर, नववीत सुटलेली शाळा, गल्लीतला भाई, इन्स्टाग्रामवरची रील हे सगळं त्याच वस्तीतल्या न पकडलेल्या मुलांकडेही असतं. म्हणून वीस मुलं मंडळाच्या संपर्कातली आणि वीस त्याच वस्तीतली, त्याच वयाची, शक्य असेल तर त्यांचे भाऊ किंवा वर्गमित्र, अशी जोडी हवी. ओळखीतून ओळख काढत नमुना वाढवला तर सगळेच गल्लीतल्या एका गणेश मंडळाचे कार्यकर्ते निघतात, तेव्हा एका ओळखीतून दोनच्या वर मुलं घेऊ नयेत. मुलींची संख्या फार कमी असते. त्यांना याच नमुन्यात कोंबू नये, त्यांचा अभ्यास निराळा.

परवानग्यांना वेळ लागतो. निरीक्षणगृहातल्या मुलांना भेटायचं तर महिला व बाल विकास आयुक्तालयाची लेखी परवानगी हवी. ते कार्यालयही पुण्यातच, राणीच्या बागेत आहे. मंडळाच्या कागदांसाठी मंडळाकडे वेगळा अर्ज. सोबत संस्थेच्या नैतिकता समितीचं पत्र, प्रश्नावली मराठीत, आणि माहिती कुठे, किती काळ, कोणाच्या ताब्यात राहील याचं एक पान. ‘मुलांच्या समस्या जाणून घेणे’ असा उद्देश लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो. किती मुलं, किती बैठका, किती मिनिटं, कोणाच्या उपस्थितीत, हे लिहिलेला पुढे सरकतो.

माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी टाकून ठेवावा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. ‘प्रकरणे प्रलंबित का आहेत?’ असं विचारलं की ‘माहिती प्रश्नार्थक असल्याने देता येत नाही’ हे उत्तर तयारच असतं. त्याऐवजी अस्तित्वात असलेला कागद मागावा. बाल न्याय कायद्याच्या कलम १६ प्रमाणे मंडळाला प्रलंबित प्रकरणांची माहिती दर तीन महिन्यांनी मुख्य न्यायदंडाधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. त्या तिमाही विवरणपत्रांच्या प्रती मागा, नावं वगळून. तसंच त्याच कायद्याच्या कलम ८३ खाली, म्हणजे मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढांवर, किती गुन्हे दाखल झाले ते ठाणेनिहाय मागा. कोयता पोराच्या हातात कोणी दिला हा प्रश्न भाषणात सगळे विचारतात. कागदावर तो किती वेळा विचारला गेला ते यातून कळेल.

मुलाखतीचं तंत्र. पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची संमती, दोन्ही. गृहात अधीक्षकांनी ‘बस रे, मॅडमशी बोल’ म्हटल्यावर बसलेल्या मुलाची ती संमती नव्हे. त्याला आधी एक साधा प्रश्न विचारून नकार देऊ द्यावा, आणि नकार दिल्यावर काहीच बिघडत नाही हे त्याला दिसू द्यावं. मंडळापुढे आपल्याबद्दल चांगलं सांगितलं जाईल या आशेने मुलं गोड बोलतात, म्हणून ‘तुझ्या केसवर याचा काही परिणाम होणार नाही, चांगलाही नाही’ हे सुरुवातीला आणि मधे पुन्हा सांगावं. एका बैठकीला ४५ मिनिटं पुरेत.

तारखा विचारू नयेत, त्या आठवत नाहीत. मोठा आडवा कागद घ्यावा, वर महिने आणि डावीकडे घर, शाळा, काम, मित्र, गणेश मंडळ, पोलिस अशा ओळी. मग ओळखीच्या खुणांपासून सुरुवात करावी: लॉकडाउन लागला तेव्हा कुठे होतास, त्या वर्षीच्या विसर्जनाला कोणाबरोबर होतास, दहीहंडी, पालखी, दहावीचा निकाल. बैठक संपेपर्यंत ‘संगत वाईट होती’ या पाठ केलेल्या वाक्याच्या जागी क्रम दिसू लागतो. शाळा आधी सुटली की पोलिस आधी आले? कॅटरिंगचं काम गुन्ह्याआधी गेलं की नंतर? पोलिसांच्या ओळीत कागदावर न आलेली बोलावणीही भरावीत: नुसतं चौकीत बसवून ठेवलं, फोटो काढला, गणपतीच्या आधी बोलावलं. सरकारी आकड्यांत यातलं काही सापडत नाही.

काही प्रश्न मात्र विचारूच नयेत. चालू प्रकरणात नेमकं काय झालं हे विचारू नका. वकिलाला आपल्या अशिलाची गुपितं राखण्याचं कायदेशीर संरक्षण आहे, संशोधकाला नाही. तुमची वही मागवली जाऊ शकते. खुनासारख्या काही गुन्ह्यांची माहिती कळल्यास ती कळवण्याचं कर्तव्य भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३३ खाली प्रत्येकावर आहे. पोक्सोच्या कलम १९ खाली मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास कळवावीच लागते, न कळवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे ‘तू सांगशील ते कोणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊच नये. कोणती गोष्ट सांगावी लागेल ते आधी समजावून द्यावं, आणि कळवायची वेळ आली तर कोणाशी बोलायचं त्याचे क्रमांक पहिल्या बैठकीच्या आधीच खिशात असावेत.

पुन्हा भेटण्याचा बेत असेल तर तो पहिल्याच दिवशी ठरवा. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार मुलाला दोषी ठरल्याची अपात्रता सहसा चिकटत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. हे योग्यच आहे, पण त्याचा अर्थ दोन वर्षांनी फाइलवरून मुलगा शोधता येणार नाही. संपर्काचे तीन धागे घ्या: आई, एखादी मावशी किंवा आत्या, आणि एक मित्र. पोलिसांकडून पत्ता काढू नये. त्या चौकशीनेच घराच्या दारात पुन्हा शिपाई उभा राहतो.

लिहिताना बाल न्याय कायद्याचं कलम ७४ लक्षात ठेवा. मुलाची ओळख पटेल असं काहीही छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नाव बदललं की काम झालं असं नाही. ‘अमुक चौकातल्या मटणाच्या दुकानदाराचा धाकटा मुलगा’ एवढ्यावर सारी पेठ त्याला ओळखते. वस्तीचं नावही घालू नये, कारण ते एकदा छापलं की तिथल्या प्रत्येक पोराच्या नोकरीच्या अर्जावरचा पत्ता बोलू लागतो. नदीकाठची जुनी वस्ती, उपनगरातली पुनर्वसन वसाहत, एवढं वर्णन विश्लेषणाला पुरतं. नाव-क्रमांकांची किल्ली वेगळ्या वहीत, वेगळ्या कुलपात ठेवावी आणि तोंडी परीक्षा झाली की फाडून टाकावी.